जनुक गप्प केले, पण कोणते?

कर्करोगाच्या संशोधनाविषयी नेमाने वाचणाऱ्यांच्या ओळखीचे एक वाक्य आहे : ‘अमुक जनुक बंद करताच कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबली.’ गेल्या वीस-बावीस वर्षांत हे वाक्य शोधनिबंधांत आले, तेथून वर्तमानपत्रांत आले आणि आता ते विद्यार्थ्यांच्या विज्ञान-प्रकल्पांतही दिसते. वर्गातला एखादा चौकस मुलगा मग विचारतो, की असे असेल तर कर्करोग अजून बरा का होत नाही? या प्रश्नाला ‘संशोधन चालू आहे’ असे ठोकळेबाज उत्तर देता येते. पण खरे उत्तर अधिक रोचक आहे आणि ते त्या वाक्यातच दडलेले आहे. त्या वाक्यातला ‘अमुक’ हा शब्द किती वेळा खरा असतो, हे या लेखात तपासायचे आहे.

ज्या तंत्रामुळे हे वाक्य इतके सर्रास लिहिले जाऊ लागले, त्याची तोंडओळख आधी करून घेऊ. जनुकातील मजकुराची एक नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने पेशीकेंद्रकाबाहेर येते आणि त्या संदेशाबरहुकूम प्रथिन तयार होते, हे आपण नववी-दहावीपासून शिकवतो. हा संदेश मधल्यामध्ये नष्ट केला, तर जनुक जागेवर शाबूत असूनही प्रथिन तयार होणार नाही. निसर्गात ही युक्ती फार जुनी आहे. १९९० मध्ये रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटुनियाची फुले अधिक गडद व्हावीत म्हणून रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली, तर काही झाडांना चक्क पांढरी फुले आली. जादा प्रतीने मूळ जनुकालाही गप्प केले होते. हे कसे घडते याचा धागा १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना सूक्ष्म गोलकृमीत सापडला. दुहेरी धाग्याचा आरएनए कृमीत टोचला, की त्याच मजकुराचा संदेश पेशीतून नाहीसा होतो. या शोधाला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र एक अडचण होती. लांबलचक दुहेरी आरएनए दिसला, की आपल्या पेशींना विषाणू शिरल्याची शंका येते. मग त्या इंटरफेरॉन तयार करून सगळाच कारभार थांबवतात. २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने दाखवून दिले, की अवघ्या २१ अक्षरांचे, म्हणजे न्यूक्लिओटाइडांचे, दुहेरी तुकडे वापरले तर हा गोंधळ होत नाही आणि नेमका हवा तो संदेश कापला जातो. हेच ते छोटे हस्तक्षेपी आरएनए. यापुढे त्यांना आपण लघु-आरएनए म्हणू. पेशीतले आर्गोनॉट नावाचे प्रथिन या तुकड्याचा एक धागा टाकून देते, दुसरा स्वतःजवळ ठेवते आणि त्याच्याशी जुळणारा संदेश शोधून कापते.

येथे एक भाषिक तक्रार नोंदवतो. ‘जनुक बंद करणे’ हा शब्दप्रयोग आपल्या लेखांत रूढ झाला आहे आणि तो बराच फसवा आहे. दिव्याचे बटण बंद केले की अंधार होतो, तसे येथे काही होत नाही. जनुकाची नक्कल निघतच राहते. तयार होणाऱ्या संदेशांपैकी बहुसंख्य, प्रयोग चांगला जमला तर ऐंशी-नव्वद टक्के, नष्ट होतात आणि उरलेले सुटतात. आधी तयार झालेले प्रथिन तर पेशीत असतेच, ते आपल्या गतीने झिजत जाते. पेशी विभागत गेल्या, की बाहेरून घातलेला लघु-आरएनएही विरळ होतो आणि काही दिवसांत सारे पूर्वपदावर येते. ‘गप्प करणे’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा, कारण गप्प केलेला माणूसही अधूनमधून पुटपुटतो. हा फरक लेखाच्या शेवटी पुन्हा उपयोगी पडणार आहे.

कर्करोगाच्या प्रयोगशाळांनी हे तंत्र उचलून धरले यात नवल नव्हते. त्याआधी सस्तन प्राण्याच्या पेशीतले एखादे जनुक निकामी करायचे म्हणजे महिनोन्‌महिने खपावे लागे. आता जनुकाचा मजकूर संगणकावर पाहायचा, २१ अक्षरांचा तुकडा मागवायचा, पेशींवर सोडायचा आणि तीन-चार दिवसांनी पेशी मोजायच्या. सुरुवातीची उदाहरणे तर फारच देखणी होती. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात दोन वेगळ्या गुणसूत्रांचे तुकडे जोडले जाऊन बीसीआर-एबीएल हे संकरित जनुक तयार होते. २००२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी नेमक्या त्या सांध्यावरच्या मजकुराशी जुळणारा लघु-आरएनए बनवला आणि ल्युकेमियाच्या पेशी मेल्या. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथील रेऊव्हेन अगामी यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगातील केआरएएस या जनुकाचा बिघडलेला अवतार गप्प केला. निरोगी आणि बिघडलेल्या जनुकांत येथे एकाच अक्षराचा फरक होता. तरी निरोगी जनुकाला धक्का न लागता पेशींची गाठ तयार करण्याची क्षमता गेली.

ही दोन्ही उदाहरणे टिकली. पण ती का टिकली, याकडे त्या उत्साहात फारसे लक्ष गेले नाही. बीसीआर-एबीएल आणि केआरएएस ही जनुके कर्करोगाला कारणीभूत आहेत, हे इतर मार्गांनी आधीच सिद्ध झाले होते. बीसीआर-एबीएलच्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध तर २००१ मध्येच वापरात आले होते. म्हणजे लघु-आरएनएने येथे माहीत असलेल्या गोष्टीला दुजोरा दिला. अज्ञात जनुकाबद्दल नवा निष्कर्ष काढायचा असेल, तर तेच तंत्र तितकेच विश्वासार्ह राहील, ही समजूत मात्र तपासलेली नव्हती. त्या समजुतीची किंमत काय पडली, हे एका जनुकाच्या कहाणीतून चांगले दिसते.

त्या जनुकाचे नाव मेल्क. त्याचे प्रथिन इतर प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडणारे विकर आहे. अनेक प्रकारच्या कर्करोगांत हे प्रथिन निरोगी ऊतींपेक्षा जास्त आढळते आणि ज्या गाठींत ते जास्त, त्या रुग्णांची प्रकृती लवकर ढासळते. संशय घ्यायला एवढे पुरेसे होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मेल्क गप्प करून पाहिले आणि पेशींची वाढ खुंटली. २०१४ मध्ये बॉस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेतील जीन झाओ यांच्या गटाने स्तनांच्या कर्करोगाच्या एका आक्रमक प्रकारात मेल्क अत्यावश्यक असल्याचा निबंध प्रसिद्ध केला. या प्रकाराला ‘तिहेरी-नकारात्मक’ म्हणतात. संप्रेरकांवर आधारलेली नेहमीची औषधे त्यावर चालत नाहीत, म्हणून नव्या लक्ष्याची गरजही मोठी होती. इकडे जपानमध्ये मेल्कला रोखणारे ओटीएस-१६७ हे रसायन तयार झाले होते. त्यानेही पेशी मरत होत्या. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी एकच नाव घ्यावे तसे हे झाले. अमेरिकेत रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या.

२०१७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील जेसन शेल्ट्झर यांच्या छोट्या गटाने हेच जनुक क्रिस्पर तंत्राने थेट डीएनएतच मोडून टाकले. क्रिस्परमध्ये संदेशाऐवजी मूळ मजकूर कापला जातो. त्यामुळे उरलेसुरले प्रथिन तयार होण्याची शक्यता राहत नाही. असे म्हणतात, की मेल्क मोडलेल्या पेशी त्यांना आपल्या दुसऱ्याच प्रयोगात केवळ तुलनेसाठी हव्या होत्या. मेल्क मोडले तर पेशी मरतील अशीच अपेक्षा होती. पेशी मेल्या नाहीत. स्तनांच्या कर्करोगाच्या त्याच आक्रमक प्रकाराच्या आणि आणखी सहा प्रकारच्या कर्करोगांच्या पेशी मेल्कवाचून पूर्वीच्याच वेगाने वाढत राहिल्या. याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. मेल्क अजिबात नसलेल्या या पेशींवर ओटीएस-१६७ टाकले, तर त्या पूर्वीइतक्याच मेल्या. जे लक्ष्य पेशीत नाहीच, त्याला रोखून औषध पेशी कशी मारेल? अर्थात ते दुसऱ्याच कशावर तरी काम करत होते.

त्याच वर्षी डेना-फार्बरमधूनच नॅथनेल ग्रे यांच्या गटाचा निबंध आला. त्याच्या लेखकांत जीन झाओही होत्या. या गटाने क्रिस्पर वापरले, मेल्कला अधिक नेमकेपणाने रोखणारे नवे रसायन बनवले, प्रथिनच नष्ट करणारी वेगळी युक्तीही योजली. आणि नेहमीच्या संवर्धनात मेल्क गेल्याने पेशींच्या वाढीवर लक्षणीय परिणाम होत नाही, असाच निष्कर्ष काढला. आपल्याच पूर्वीच्या निष्कर्षाविरुद्ध जाणाऱ्या निबंधावर नाव घालणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि विज्ञान कसे चालते हे मुलांना सांगताना मी या निबंधाचा उल्लेख आवर्जून करीन. वाद पूर्ण मिटला असेही नाही. २०१८ मध्ये झाओ यांच्या गटाने मांडले, की पेशी विरळ पेरल्या तर मेल्कची गरज दिसून येते. पण ‘अत्यावश्यक’पासून ‘विशिष्ट परिस्थितीत थोडे उपयोगी’पर्यंतचा हा उतार मोठाच आहे.

मग गाठींमध्ये मेल्क जास्त का सापडते? शेल्ट्झर यांच्या गटाने २०१८ मध्ये याचे उत्तर दिले. मेल्क हे पेशी विभागताना वाढणाऱ्या प्रथिनांपैकी आहे. जी गाठ वेगाने वाढते, तिच्यात विभागणाऱ्या पेशी अधिक आणि म्हणून मेल्कही अधिक. जत्रेत जिलेबीची दुकाने जास्त दिसतात, म्हणून जिलेब्यांमुळे जत्रा भरते असे कोणी म्हणत नाही. येथे तसे म्हटले गेले.

लघु-आरएनएने एवढी दिशाभूल कशी केली? याचे बरेचसे उत्तर साध्या गणितात आहे, आणि ते फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. लघु-आरएनएच्या २१ अक्षरांपैकी १९ अक्षरे जोडीत असतात. आरएनएची अक्षरे चार, म्हणून १९ अक्षरांचे वेगवेगळे शब्द ४ चा १९ वा घात, म्हणजे सुमारे २७,४८८ कोटी. माणसाच्या जनुकसंचातली अक्षरे सुमारे ३०० कोटी. तेव्हा पूर्ण १९ अक्षरी शब्द दुसरीकडे योगायोगाने सापडण्याची शक्यता नगण्य आहे. या हिशोबावरच ‘नेमकेपणा’ची सगळी भिस्त होती.

पण पेशी हा हिशोब अशा रीतीने करत नाही. आपल्या पेशींत मायक्रो-आरएनए नावाचे स्वतःचे छोटे आरएनए असतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. ते त्याच आर्गोनॉट प्रथिनात बसतात, पण संदेशाशी पूर्ण जुळत नाहीत. त्यांच्या दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे संदेशाच्या शेपटीशी जुळली, तरी तेवढ्यावर संदेश काही प्रमाणात दाबला जातो. या सात अक्षरांना ‘बीज’ म्हणतात. आपण घातलेला लघु-आरएनए आणि घरचा मायक्रो-आरएनए यांत आर्गोनॉटला भेद करता येत नाही. आता सात अक्षरांचा हिशोब करा : ४ चा ७ वा घात म्हणजे केवळ १६,३८४. प्रत्येक संदेशाची शेपटी ढोबळमानाने हजार अक्षरांची धरली आणि जनुके वीस हजार धरली, तर एका बीजाशी जुळणाऱ्या जागा योगायोगानेच हजाराच्या वर निघतात. त्या सगळ्याच जागांवर परिणाम होत नाही हे खरे. पण दहा-वीस संदेश जरी थोडे थोडे दबले, तरी ‘एक जनुक गप्प केले’ हे विधान खोटे ठरते.

हे कोणालाच माहीत नव्हते असे नाही, आणि माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. एमी जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्येच, म्हणजे टुशल यांच्या निबंधानंतर दोनच वर्षांत, हा धोका दाखवला होता. त्यांनी एकाच जनुकाविरुद्ध अनेक वेगवेगळे लघु-आरएनए वापरले आणि पेशीतल्या हजारो संदेशांचे प्रमाण मोजले. लक्ष्य एकच असल्यामुळे सगळ्यांचा परिणाम सारखा यायला हवा होता. प्रत्यक्षात प्रत्येक लघु-आरएनएने आपला वेगळाच ठसा उमटवला. लक्ष्यापेक्षा साधनाचाच ठसा ठळक होता. सलग अकरा अक्षरांइतके साम्य असलेले संदेशही दबलेले आढळले. एवढा स्पष्ट इशारा मिळाल्यावरही पुढे दहा-बारा वर्षे एक-दोन लघु-आरएनएवर विसंबलेले निबंध छापले जात राहिले. मूत्रपिंडाच्या कर्करोगावर मूलभूत काम करणारे आणि पुढे २०१९ चे नोबेल मिळालेले विल्यम केलिन यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात या तंत्राच्या वापराबरोबर गैरवापरावरही बोट ठेवणारा लेख लिहिला. तोही वाचला गेला, वाखाणला गेला आणि अनेकांनी कपाटात ठेवला.

केलिन यांचा एक मुद्दा प्रत्येक विज्ञानशिक्षकाने लक्षात घ्यावा असा आहे. पेशीची वाढ थांबणे हा फार स्वस्त पुरावा आहे. भिंतीवरचे घड्याळ बंद पाडायला त्यावर काहीही आपटले तरी चालते. घड्याळ बंद पडले म्हणून आपटलेली वस्तू अमक्याच चाकाला लागली, असे सिद्ध होत नाही. कर्करोगाच्या औषधाचा शोध घेणारा माणूस मात्र नेमका हाच परिणाम पाहायला आतुर असतो. पेशी मरावी अशी त्याची इच्छा असते आणि पेशी मरते. अशा वेळी ‘का मेली?’ हे विचारायला एक प्रकारचा कोरडेपणा लागतो. प्रबंध तीन वर्षांत संपवायचा असेल, तर तो परवडत नाही.

आपल्या वर्गातला अर्ध्या पानाचा प्रयोग आठवा. अंधारात ठेवून मंडरहित केलेल्या रोपाचे एक पान निम्मे बाटलीत घालायचे, बाटलीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ठेवायचे, रोप उन्हात ठेवायचे आणि मग आयोडीनची चाचणी घ्यायची. बाटलीबाहेरचा भाग निळा-काळा होतो, आतला होत नाही. निष्कर्ष : प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो. पण एखादी मुलगी म्हणाली, की बाटलीत कोंडल्यामुळे किंवा बुचात चेपल्यामुळे पान बिघडले असेल, तर? तिला गप्प बसवणारा शिक्षक चुकतो. तिच्या शंकेला उत्तर म्हणजे दुसरी बाटली, तशीच, पण आत साधे पाणी असलेली. त्या दुसऱ्या बाटलीवाचून पहिल्या बाटलीला काही अर्थ नाही.

लघु-आरएनएच्या प्रयोगात ही दुसरी बाटली कोणती? ‘निरर्थक’ मजकुराचा लघु-आरएनए तुलनेसाठी वापरण्याची पद्धत आहे. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही, कारण त्या निरर्थक तुकड्याचे बीज वेगळे असते आणि आपल्या तुकड्याच्या बीजाने काय उपद्व्याप केले ते त्यावरून कळत नाही. एकाऐवजी तीन-चार वेगवेगळे तुकडे वापरणे अधिक बरे. पण उत्तम कसोटी म्हणजे सुटकेचा प्रयोग, आणि त्यातली युक्ती दहावी-बारावीच्या मुलांनाही कळेल अशी आहे. जनुकीय संकेतात एकाच अमिनो आम्लासाठी एकाहून अधिक त्रिके असतात. ल्युसीनसाठी तर सहा आहेत. तेव्हा लघु-आरएनए जेथे चिकटतो तेवढ्या भागातली अक्षरे अशी बदलायची, की लघु-आरएनए जुळू नये, पण प्रथिन मात्र तंतोतंत तेच तयार व्हावे. हे बदललेले जनुक पेशीत घालायचे आणि मग लघु-आरएनए सोडायचा. पेशी वाचल्या, तर त्या खरोखर त्याच जनुकाच्या अभावी मरत होत्या. तरीही मेल्या, तर दोष दुसरीकडे आहे. प्रयोग खर्चिक नाही, थोडा वेळखाऊ आहे. माझ्याकडे मतासाठी येणाऱ्या हस्तलिखितांत हा प्रयोग नसेल, तर मी तो मागतो. उत्तर बहुधा असे येते, की तो ‘या निबंधाच्या कक्षेबाहेरचा’ आहे.

मेल्क हा अपवाद असता, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. केआरएएस बिघडलेल्या पेशींना एसटीके-३३ हे प्रथिन अत्यावश्यक असते, असे २००९ मध्ये आरएनएच्याच प्रयोगांवरून जाहीर झाले. २०११ मध्ये एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते पडताळून पाहिले, तर तसे आढळले नाही. २०१९ मध्ये शेल्ट्झर यांच्या गटाने तर दहा औषधे किंवा औषध होऊ घातलेली रसायने एकत्र तपासली. त्यांची ठरवून दिलेली लक्ष्ये सहा होती. ही प्रथिने पेशीतून क्रिस्परने काढून टाकली, तरी पेशी वाढत राहिल्या आणि त्या लक्ष्यहीन पेशींना औषधे पूर्वीसारखीच मारत राहिली. त्यांतल्या एकाचे, ओटीएस-९६४ चे, खरे लक्ष्य त्यांनी शोधून काढले. ते सीडीके-११ नावाचे वेगळेच प्रथिन निघाले.

‘पेशी मरतात ना, मग कशामुळे का असेना’, असे कोणी म्हणेल. पण औषधाच्या चाचणीत ‘कशामुळे’ हाच कळीचा प्रश्न असतो. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे, हे त्याच्या गाठीत लक्ष्य किती आहे यावरून ठरवले जाते. मात्रा पुरेशी आहे का, हे लक्ष्य कितपत दबले यावरून पाहिले जाते. लक्ष्यच चुकीचे असेल, तर ज्यांना उपयोग होऊ शकला असता ते रुग्ण वगळले जातात आणि ज्यांना होणार नाही त्यांना विषारी औषध टोचले जाते. अशा प्राथमिक चाचण्यांत भाग घेणाऱ्या बहुतेकांचे इतर उपचार संपलेले असतात. त्यांच्याजवळ दुसऱ्या प्रयोगासाठी वेळ नसतो. प्रयोगशाळेत टाळलेली दुसरी बाटली अशा रीतीने त्यांच्या खात्यावर मांडली जाते.

लघु-आरएनए हेच औषध म्हणून वापरण्याची कल्पना निराळी, आणि तिचा हिशोबही निराळा आहे. तेथे मुख्य अडसर पोचण्याचा आहे. रक्तात सोडलेला उघडा आरएनए क्षणार्धात कापला जातो किंवा मूत्रावाटे निघून जातो. संरक्षक कणात घातला, तर बहुतांश यकृतात जातो. आणि पेशीत शिरलाच, तर पिशवीत अडकून पडतो, थोडासाच बाहेर निसटतो. यकृतात जाण्याच्या या खोडीचाच फायदा घेऊन २०१८ मध्ये पॅटिसिरान हे पहिले लघु-आरएनए औषध अमेरिकेत मान्य झाले. ते एका आनुवंशिक चेताविकारावर आहे. यकृतात तयार होणारे एक प्रथिन त्या रोगात शरीरभर साचते. पुढे कोलेस्टेरॉल कमी करणारे इन्क्लिसिरान आले, आणखीही काही आली. ही बहुतेक सगळी यकृताचीच औषधे आहेत. कर्करोगासाठी हे लिहीत असताना एकही मान्य झालेले नाही. प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. २०१० मध्ये कॅल्टेकच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने मेलॅनोमाच्या रुग्णांच्या गाठीत कणांतून लघु-आरएनए पोचल्याचे आणि तेथे संदेश ठरल्या जागी कापला गेल्याचे दाखवले. तंत्र माणसात चालते, याचा तो पहिला थेट पुरावा. त्यातून औषध मात्र झाले नाही.

या क्षेत्रातही ‘दुसरी बाटली’ने एकदा मोठा धक्का दिला होता. गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या व्हीईजीएफ या प्रथिनाच्या सांगण्यावरून फुटतात. डोळ्याच्या एका विकारातही तसेच घडते. व्हीईजीएफ गप्प करणारा लघु-आरएनए डोळ्यात टोचण्याच्या चाचण्या चालू होत्या. २००८ मध्ये जयकृष्ण अंबाटी यांच्या गटाने उंदरांत दाखवले, की कोणत्याही मजकुराचा, अगदी निरर्थकसुद्धा, लघु-आरएनए टोचला तरी वाहिन्या कमी होतात. पेशीच्या पृष्ठभागावरचा टीएलआर-३ हा विषाणू ओळखणारा ग्राही त्यामुळे जागा होतो आणि तोच हे काम करतो. संदेश कापला जाण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मग हे तंत्र टाकून देऊन सगळीकडे क्रिस्पर वापरावे का? तसा सूर हल्ली ऐकू येतो, आणि मला तो पटत नाही. क्रिस्परलाही त्याच्या खोडी आहेत. कर्करोगाच्या पेशीत एखाद्या गुणसूत्राच्या भागाच्या अनेक प्रती झालेल्या असतील, तर तेथे एकाच वेळी अनेक ठिकाणी डीएनए कापला जातो आणि जनुक कोणतेही असो, पेशी केवळ त्या जखमांनी मरते. हेही २०१६ मध्ये दिसून आले आहे. शिवाय मघाशी म्हटलेला फरक येथे महत्त्वाचा ठरतो : क्रिस्पर जनुक पूर्ण मोडते, लघु-आरएनए ते अर्धवट दाबतो. औषधही प्रथिनाला क्वचितच शंभर टक्के रोखते.

याचे सुंदर उदाहरण पीआरएमटी-५ या प्रथिनाचे आहे. सुमारे १० ते १५ टक्के कर्करोगांत नवव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्यात गाठींना आवर घालणारे एक जनुक जाते आणि त्याला खेटून असलेले एमटीएपी हे जनुकही ओघाने जाते. एमटीएपी नसल्याने पेशीत एमटीए नावाचा एक रेणू साचतो आणि तो पीआरएमटी-५ ला थोडासा दाबून ठेवतो. पीआरएमटी-५ सर्वच पेशींना लागते. ते क्रिस्परने पूर्ण मोडले, तर सगळ्याच पेशी मरतात आणि वेगळे काही दिसत नाही. पण शेकडो प्रकारच्या पेशींवर हजारो जनुकांविरुद्धचे आरएनए तुकडे वापरून केलेल्या चाळणीत पीआरएमटी-५ अर्धवटच दबले. तेव्हा निरोगी एमटीएपी असलेल्या पेशींनी ते सोसले. ज्यांच्यात ते आधीच निम्मे दबलेले होते, त्या मेल्या. २०१६ मध्ये वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे, अनेक तुकडे वापरून, हाच निष्कर्ष काढला, आणि तो साचणाऱ्या एमटीएच्या रसायनशास्त्राशीही जुळला. आधीची पीआरएमटी-५ रोधक औषधे निरोगी रक्तपेशींनाही घायाळ करत. आता एमटीए शेजारी असेल तरच घट्ट चिकटणारी नवी रसायने तयार झाली आहेत. एमटीएपी गमावलेल्या गाठींच्या रुग्णांवर त्यांच्या चाचण्या सुरू आहेत, आणि त्या रुग्णांची निवड गाठीतला तो गळालेला तुकडा पाहूनच केली जाते.